योग्य निकालाचे मोल

निकाल योग्यच असेल, तर तो देण्यासाठी घेतलेला पैसा पाप ठरतो काय? न्यायमूर्ती मार्टिन मँटन यांची हकीकत वाचल्यापासून हा प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही. 1918 साली ते न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयात आले व पुढे तेथील ज्येष्ठ न्यायाधीश झाले. पक्षकारांकडून कर्जाच्या नावाखाली रकमा घेतल्याचे प्रकरण उघडकीस येताच 1939 मध्ये त्यांनी राजीनामा दिला; त्याच वर्षी दोन वर्षांची कैद व दहा हजार डॉलर दंड झाला. अपिलात न्यायालयाने त्यांचे सारे निकाल बरोबर होते असे गृहीत धरले आणि तरीही शिक्षा कायम केली.

‘काम नियमातलेच होते, मग चहापाण्याचे घेतले तर बिघडले कोठे?’ हा युक्तिवाद शासकीय सेवेत आम्ही पुष्कळ ऐकला. (फाइल अशा वेळी हमखास निर्दोष असते!) परंतु पैसा घेतल्यावर आपले मत कागदपत्रांवरून बनले की रकमेवरून, हे घेणाऱ्याला तरी कसे कळावे? शिवाय मँटन एकटे बसत नसत. पीठ तिघांचे असे; उरलेल्या दोघांनी एक छदामही न घेता दिलेल्या मतांकडेही हरलेला पक्षकार त्यानंतर संशयानेच पाहणार.