बडीला माहीत होतं?

मराठा पलटणीत एक नाईक होता. गाव साताऱ्याकडचं, घर घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावरच्या चाळीत. घरात आई, बायको आणि पहिलीतला मुलगा. २००५ साली त्याची पलटण काश्मीरमध्ये होती, तंगधारच्या बाजूला. हिवाळ्यात साधना खिंड बर्फानं बंद झाली की तिकडचा माणूस तिकडंच.

छावणीतला दिवस ठरलेला. पहाटे उजाडण्याआधी स्टँड-टू, म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या मोर्चावर हत्यारासह उभं राहायचं. मग चहा, हत्यारांची सफाई, लंगरमधली पुरी-भाजी, पहारा, पाणी आणणं, संध्याकाळी रोल कॉल. रात्री केरोसीनच्या बुखारीभोवती पत्ते आणि गावच्या गप्पा. सगळ्यांचे कान मात्र फोनच्या रांगेकडे. आपली पाळी आली की चार-पाच मिनिटं मिळायची, आणि मागचा खाकरायला लागायचा.

पायदळात प्रत्येक जवानाला एक बडी असतो. गस्तीला तो, पहाऱ्याला तो, एका ताटात जेवायलाही तोच. बडीपासून काही लपवायचं नाही हे उस्तादानं बेळगावच्या सेंटरलाच डोक्यात भरवलेलं. अंगात ताप असेल, घरून वाईट पत्र आलं असेल, रात्रभर डोळा लागला नसेल, तर ते बडीला कळलंच पाहिजे. कारण उद्या त्याचा जीव तुझ्या रायफलीवर आहे. नाईकाचा बडी चंदगडचा. नाईकाच्या आईला साखर किती आहे, बायको कुठल्या पतपेढीत भिशी भरते, हे त्याला नाईकाइतकंच ठाऊक.

घरासाठी मात्र नाईकाचा कायदा वेगळा. घरी फक्त बरं तेवढं सांगायचं. थंडी? फार नाही. जेवण? झकास. फेब्रुवारीत काश्मीरवर कधी नव्हे एवढा बर्फ पडला, तेव्हा वरच्या चौकीवर त्याचा डावा पाय हिमदंशानं काळा पडला. बडीनं त्याला पाठीवर घेऊन खाली आणलं. श्रीनगरच्या लष्करी इस्पितळात दोन बोटं काढावी लागली. नंतर त्याला खालच्या तळावर स्टोअरचं काम मिळालं. घरी त्यानं सांगितलं, "कोर्सला गेलो होतो, म्हणून फोन नाही." अशा खोटेपणाचं आपल्याकडे कौतुकच होतं. माणूस किती सोसतो, पण घरच्यांना काळजी नको म्हणून बोलत नाही! मला त्या कौतुकाची थोडी भीती वाटते.

मग २६ जुलै आला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लोकल बंद, फोन बंद. साकीनाक्याला डोंगराचा कडा खाली येऊन सत्तरच्या वर माणसं गाडली गेली. तळावरच्या टीव्हीवर ते दिसलं आणि नाईक मटकन खाली बसला. असल्फा तिथून कितीसं लांब! मराठा पलटण ती. निम्म्या जवानांचं कुणी ना कुणी मुंबईत. सुभेदारसाहेबांनी मुंबईवाल्यांना रांगेत पुढं काढलं, पण फोन लागेचना. सीमेवरचा जवान सुखरूप आणि काळजी घाटकोपरची, असा उलटा प्रकार. घरचे वर्षानुवर्षं काय करत असतील, ते त्याला त्या रात्री कळलं.

अखेर फोन लागला. बायको म्हणाली, "थोडं पाणी आलं होतं. आम्ही सगळी बरी आहोत."

नाईकानं हुश्श केलं. बडी म्हणाला, "आईशी बोललास?"

"झोपली होती."

"संध्याकाळी सहाला?"

सप्टेंबरच्या सुरुवातीला नाईक सुट्टीवर निघाला. जम्मूहून स्वराज एक्स्प्रेसनं बोरिवली, लोकलनं अंधेरी, तिथून ३४० नंबरची बस. डोंगराच्या पायऱ्या चढून दारात आला, तर आई वॉकर धरून उभी. नातवाला शाळेतून आणताना त्याच पावसात ती पायऱ्यांवरून घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं, खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. बायकोच्या हातात पाटल्या नव्हत्या. त्या सोनाराकडे होत्या.

नाईक भडकला. मी कोण आहे या घरात? मला का नाही कळवलं? बायको गप्प. आईच म्हणाली, "तिकडं बंदूक घेऊन उभा असतोस. तुझ्या डोक्याला घोर कशाला?" त्यावर तो आणखी चिडला. दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट बायकोच्या नजरेतून सुटली नव्हती. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या आणि नवरा घरात मोजे घालून वावरतो. विचारलं तर म्हणे, सवय झालीय. मुंबईच्या भाद्रपदात अशी सवय कुणाला लागत नसते.

७ तारखेला गणपती बसला, दीड दिवसाचा. आरतीला चाळीतली दहा-बारा माणसं त्या खोलीत दाटीवाटीनं उभी. देवापुढं मोजे घालून कसं उभं राहायचं? नाईकानं ते काढले आणि मागं कोपऱ्यात गेला. पण आई खुर्चीत होती, तिची नजर खालीच. टाळ्या वाजवायची ती मधेच थांबली.

प्रसाद वाटून लोक गेले. आईनं विचारलं, "कधी झालं?"

"फेब्रुवारीत."

"बडीला माहीत होतं?"

"त्याला कसं नसेल? त्यानंच तर पाठीवरून खाली आणलं."

"मग तो तुझा कोण," आई म्हणाली, "आणि आम्ही कोण?"

नाईकाकडे उत्तर नव्हतं. बायकोकडे मात्र प्रश्नांची रांग होती. त्या रात्री दोघं उशिरापर्यंत बोलत बसली. बोटं कशी कापतात इथपासून सोनाराचं व्याज किती इथपर्यंत सगळं निघालं. ठरलं ते एवढंच, की यापुढं फोनवर आधी वाईट सांगायचं, मग वेळ उरला तर बरं.

सुट्टीवरून परतलेल्या जवानाला कंपनी कमांडर समोर बोलावून घरची विचारपूस करतात. ही फौजेतली जुनी रीत. आजवर नाईकाचं उत्तर "सब ठीक है, साब" एवढंच असायचं. या वेळी तो उभ्यानं पाच मिनिटं बोलला. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो आईच्या आश्रित कार्डाचा. आईचं नाव कागदोपत्री होतं, पण कार्ड कधी काढलंच नव्हतं. कुलाब्याच्या नौदलाच्या 'अश्विनी' इस्पितळात तिन्ही दलांच्या जवानांवर आणि त्यांच्या आश्रितांवर उपचार होतात. घाटकोपरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर ते इस्पितळ असताना सून पाटल्या गहाण टाकून बिलं भरत होती. कार्डाचा अर्ज गेला. पाटल्यांसाठी नाईकानं एएफपीपी फंडातून, म्हणजे स्वतःच्याच भविष्य निर्वाह निधीतून, पैसे मागितले. जुलैमध्येच तोंड उघडलं असतं तर? हा हिशेब त्यानं बडीजवळ बसून केला आणि मग सोडून दिला.

तो तळावर रुजू होऊन आठवडा झाला असेल. ८ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी सव्वानऊच्या सुमारास जमीन हलली. मुझफ्फराबादजवळ केंद्र असलेला ७.६ तीव्रतेचा भूकंप. उरी आणि तंगधारकडची गावंच्या गावं कोसळली, फौजेचे बंकरही ढासळले. असल्फ्याच्या खोलीत टीव्ही दिवसभर चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी रात्री फोन वाजला.

"आधी वाईट," नाईक म्हणाला. "स्टोअरची भिंत आली अंगावर. उजवा हात मोडलाय, प्लास्टर घातलंय. डोक्याला टाके आहेत. बडी माझ्या शेजारीच होता. त्याच्या मांडीचं हाड मोडलंय, बरगड्या गेल्यात. हेलिकॉप्टरनं श्रीनगरला नेलं. शुद्धीवर आहे."

बायकोनं मधे तोंड घातलं नाही. आईनं रिसीव्हर मागून घेतला. "रात्री झोपतोस कुठं?"

"तंबूत. सगळेच तंबूत आहोत. जमीन अजून हलतेय."

"पांघरायला?"

"आहे. एकच आहे, पण आहे."

मागून कुणीतरी खाकरलं. नाईक घाईनं म्हणाला, "आणि त्याच्या घरी अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. जखमी आहे, एवढंच कळवलंय."

बडीच्या गावातल्या किराणा दुकानाचा नंबर बायकोनं गणपतीतच वहीत उतरवून घेतला होता. रात्रीचे साडेनऊ झाले होते. दुकानदारानं माणूस धाडला. पंधरा मिनिटांनी पलीकडून धापा टाकत एक बाई "हॅलो, हॅलो" करायला लागली.

"वहिनी, मी घाटकोपरहून बोलतेय," नाईकाची बायको म्हणाली. "ते शुद्धीवर आहेत. पण लागलंय पुष्कळ. कुठं कुठं ते सगळं सांगते. आधी खाली बसा, आणि जवळ कोण आहे त्याला थांबवून घ्या."