दिव्यांग लेकरू : अमानत आणि अधिकार

दिव्य कुरआनच्या ८०व्या सूरहचे नाव ‘अबस’, म्हणजे ‘त्याने कपाळाला आठ्या घातल्या’. प्रेषित मुहम्मद (स.) मक्केत कुरैशच्या सरदारांना सत्यधर्माचे निमंत्रण देत असताना हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) काही शिकण्यासाठी आले. ते अंध होते. संवादात खंड पडल्याने प्रेषितांच्या चेहऱ्यावर नाराजी उमटली. अंध माणसाला ती दिसली नाही. अल्लाहने मात्र ती पाहिली आणि आपल्या प्रिय प्रेषितांना जाणीव करून दिली. शिकण्याच्या ओढीने आलेल्याचा हक्क प्रतिष्ठितांच्या आधी येतो, हा धडा कयामतपर्यंतचा आहे. पुढे याच सहाबींवर प्रेषितांनी (स.) मदीनेत अजानची जबाबदारी सोपवली.

सूरह निसाच्या ९५व्या आयतीत मोहिमेवर जाणारे आणि घरी राहणारे यांचे दर्जे सांगितले गेले, तेव्हा त्यांनीच आपली अडचण मांडली आणि असमर्थांना वगळणारे शब्द अवतरले. अडचण सांगणे ही बेसब्री नव्हे आणि सवलत ही भीक नव्हे.

आपल्या देशाचा २०१६चा दिव्यांग हक्क कायदाही हेच मान्य करतो. त्यात दिव्यांगतेचे २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही त्यांत येतात. दिव्यांगता ४० टक्के किंवा अधिक असेल, तर ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा अधिकार आहे. शासनमान्य शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळण्याची तरतूद आहे. हक्क डावलला गेला, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते.

पण पुष्कळ घरांत प्रमाणपत्रच काढले जात नाही. लोक काय म्हणतील, बहिणीचे स्थळ मोडेल, या भीतीने लेकरू आतल्या खोलीत वाढते. त्याला सब्र आणि तकदीर ही नावे देऊ नका. सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. मूल ही अल्लाहची अमानत आहे, आणि प्रत्येक पालकाला त्याच्या देखरेखीखालील जिवांविषयी जाब द्यावा लागणार आहे.

आपल्या मशिदींनीही स्वतःला विचारावे : चाकाच्या खुर्चीवरचे मूल आपल्या मकतबच्या पायऱ्या कशा चढणार? कर्णबधिर मुलीला कलमा कोण शिकवणार? शाळेकडून हक्क मागणाऱ्या जमातीने आधी आपले दार रुंद करावे.

अल्लाह आपल्या कपाळावरच्या आठ्या पुसून टाको आणि या लेकरांचा हक्क अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.