येऊन राहिलो

नागपुरात सीताबर्डीहून धरमपेठेला ऑटो केला. "चलोगे?" मी विचारलं. "बैठो," तो म्हणाला. उकरून ठेवलेल्या रस्त्यांबद्दल आम्ही दोघं हिंदीतच करवादत निघालो. वाटेत त्याचा फोन वाजला. "येऊनच राहिलो ना वं माय!" तो म्हणाला. दोघंही मराठी, तरी फोन ठेवल्यावर आमचं बोलणं पुन्हा हिंदीत सुरू झालं. मला त्याचंच जास्त नवल वाटलं.

नागपूरचा मराठी माणूस परक्याशी हिंदी का बोलतो, यावरचं ठरलेलं उत्तर 'हिंदीचं आक्रमण' हे आहे. पण नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं आणि त्या प्रांतात हिंदी व मराठी शेजारी नांदल्या. हिंदी 'नवभारत' १९३४ पासून याच गावचा. दैनिक 'लोकमत' १९७१ मध्ये इथून निघू लागलं आणि त्याच समूहानं १९८९ मध्ये हिंदी 'लोकमत समाचार' काढला. इतक्या जुन्या शेजाराला आक्रमण म्हणता येत नाही. आणि आमच्या बोलण्याला हिंदीवाला कधी हसला नाही. हसला तो मराठीवाला.

२०१६ साली झी मराठीवर 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली. अनिता दाते यांची राधिका नागपूरची, नागपुरी मराठी बोलणारी. मुंबईत रुळलेल्या नवऱ्याला ती गावंढळ वाटते. पुढे ती मसाल्यांचा धंदा उभारते, सगळ्यांना पुरून उरते, आणि अख्खा महाराष्ट्र तिच्या बाजूनं उभा राहतो. आम्हीही टाळ्या वाजवल्या. तरी पहिल्या भागापासून एक गोष्ट मालिकेनं न सांगता सांगितली होती: ही बाई अडाणी वाटावी म्हणून वेगळं काही करावं लागत नाही, तिला तोंड उघडू दिलं की पुरे. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी ऐकून मीही पोट धरून हसलोय. पण बातम्या वऱ्हाडीत नाहीत, अग्रलेख नाहीत, मालिकेतला डॉक्टर रोग्याला "काऊन घाबरून राहिला?" म्हणत नाही. घरची भाषा टीव्हीवर फक्त हसण्यापुरतीच ऐकलेलं पोरगं परक्यापुढं काय करणार? चुकीचं मराठी बोलण्यापेक्षा ते हिंदी बोलतं. तिथं निदान कुणी चुका काढत नाही.

हे टीव्हीनंच केलं असं नाही. ग. त्र्यं. माडखोलकर १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला. १९४४ पासून ते नागपुरात 'तरुण भारत'चे संपादक होते. मराठी माणूस एक आहे, हे इथल्या वाचकानं रोज सकाळी चहाबरोबर वाचलं, पण ज्या भाषेत वाचलं ती त्याच्या स्वयंपाकघरात कुणी बोलत नव्हतं. एक होण्याची किंमत बोलीनं मोजली.

आणि नागराज मंजुळेंनी नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं पडद्यावर आणली, तो २०२२ चा 'झुंड' हिंदीत आला. अमिताभ बच्चन असल्यावर हिंदीच येणार, हे कळतं. तरी वाटायचं ते वाटलंच.

आता 'येऊन राहिलो'कडे नीट बघा. 'ऊन' मराठी, 'राहणे' मराठी. मांडणी तेवढी शेजाऱ्याच्या अंगणातली, 'आ रहा हूँ'ची. हिंदी आत आली तर तिलाही आम्ही मराठी लुगडं नेसवलं. याला भाषा बिघडली म्हणायचं की तगली? मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणतात तो 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात आमच्याच विदर्भात, ऋद्धिपूरला लिहिला गेला. संस्कृत सोडून लोकांच्या बोलण्यातली भाषा महानुभाव पंथानं धर्मासाठी पुरेशी मानली. मराठीचं विद्यापीठही आता त्याच गावात आहे. त्या ग्रंथाला कुणी गावंढळ म्हणत नाही. सातशे वर्षं जुनं झालं की बोलीला मान मिळतो म्हणायचा!

मी मोठा शहाणा नाही. मागे पुण्यात बोलायला गेलो होतो. 'येतोय', 'करतोय', 'का बरं' असं सगळं नीट जुळवून बोललो. परतल्यावर बायकोनं मोबाइलवर तो व्हिडिओ लावला, दोन मिनिटं बघितला आणि बंद केला.

"तुम्ही असे काऊन बोलून राहिले?"