स्वर्गात गेलेल्या भावाचं काय करायचं?

अंबाजोगाईत एका बहिणीने लढाईत पडलेल्या भावाच्या नावाने देऊळ उभारलं, त्याला आता पावणेआठशेहून अधिक वर्षं झाली. शके 1162, म्हणजे इ.स. 1240 चा शिलालेख ही हकिकत सांगतो. बहिणीचं नाव लक्ष्मी, भावाचं राम. देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याची ही दोन मुलं. राम फौज घेऊन गुजरातच्या मोहिमेवर गेला, नर्मदेकाठच्या लढाईत त्याने शत्रूचे पुष्कळ सैनिक कापले आणि तिथेच तो मारला गेला. गावाला तेव्हा आंबे म्हणत. पुढे निजामाच्या अमलात त्याचं मोमिनाबाद झालं आणि तिथे घोडदळाची छावणी बसली, म्हणजे फौजेशी असलेलं गावाचं नातं तसं जुनंच.

लक्ष्मीने देवळातल्या देवाला नाव दिलं रामनारायण.

तिने हे का केलं असावं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कारण त्या काळच्या धर्मशास्त्राच्या हिशेबाने रामाचं सगळं आधीच नीट मार्गी लागलेलं होतं. पराशरस्मृती सांगते की सूर्यमंडळ भेदून पलीकडे जाणारे दोघेच: एक योगयुक्त संन्यासी आणि दुसरा रणात शत्रूला तोंड देत पडलेला वीर. आयुष्यभर तप करून संन्याशाने जे मिळवायचं, ते या पोराला एका दुपारी मिळतं. मनुस्मृती तर आणखी पुढे जाते. क्षात्रधर्माने लढताना शस्त्राने मेलेल्याचा यज्ञ तत्क्षणी पुरा होतो आणि त्याचं सुतकही तत्क्षणी फिटतं. खोलेश्वराचं घराणं मुद्गल गोत्री ब्राह्मणाचं. पण नियम ज्या धर्माने मरण आलं त्याचा विचार करतो, तेव्हा तो रामालाही लागू व्हायला हरकत नसावी. थोडक्यात, घरच्यांनी रडत बसावं असं शास्त्राने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

मराठवाड्यातल्या जुन्या देवळांभोवती, पारांवर, वेशीजवळ दिसणारे वीरगळ हाच हिशेब दगडात मांडतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवपिंडीसमोर हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. खालून वर वाचत जायचं. दगड घडवणाऱ्याने एक चौकट मात्र कधी कोरली नाही: निरोप घरी पोचतो ती. आईबाप, बायको, बहीण यांना या जिन्यात पायरी नाही.

तरी धर्मशास्त्राचं पूर्ण समाधान झालेलं नव्हतं, हे त्याच धर्मशास्त्रावरून कळतं. भाद्रपद वद्य चतुर्दशीला पंचांगात आजही ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं छापलेलं असतं. शस्त्राने, अपघाताने, अकाली गेलेल्यांसाठी ही तिथी राखून ठेवलेली आहे. सूर्य भेदून गेलेल्याला दरसाल पिंड कशाला हवा? शिवाय हे श्राद्ध एकोद्दिष्ट करावं, असं निबंधकारांचं मत आहे. बाप, आजा, पणजा अशी नेहमीची रांग इथे नाही. तो एकटाच उद्दिष्ट. ज्याचं मरण वेगळं, त्याची आठवणही वेगळी काढायची. सुतक फेडणारी स्मृती आणि पानावर जागा राखणारी तिथी यांचा मेळ शास्त्रकारांनी आपापल्या परीने घातला असेल, पण दुसऱ्या नियमामागे कुणीतरी घरचं माणूस उभं आहे, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

अंबाजोगाईला या प्रश्नाचं आणखी एक उत्तर ठाऊक होतं. मुकुंदराजांची समाधी याच गावाजवळ दाखवतात, आणि त्यांच्या ‘विवेकसिंधू’चा परंपरेने मानलेला काळ शके 1110, म्हणजे लक्ष्मीच्या देवळाच्या अर्धशतक आधीचा. ग्रंथ कुठे रचला गेला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, ते असोत. त्यातल्या अद्वैताच्या दृष्टीने पाहिलं तर नर्मदेकाठी पडलं ते शरीर. आत्मा मरत नाही, मग राम मेला हे म्हणणंच अज्ञान. पुढे याच गावात दासोपंतांनी गीतेवर सवा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचला. मारणारा कोण, मरणारा कोण, या प्रश्नावर इतकं विपुल मराठी लेखन दुसऱ्या कुठल्या गावाच्या वाट्याला क्वचितच आलं असेल.

पण गीता ज्याने प्रत्यक्ष ऐकली, त्याचं काय झालं? युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. वय सोळा. संध्याकाळी छावणीत परतलेला अर्जुन मुलाला शोधतो, कळल्यावर कोसळतो, भावांना दोष देतो आणि उद्याच्या सूर्यास्ताआधी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन अशी प्रतिज्ञा करतो. आत्मा अविनाशी आहे हे ऐकून अजून दोन आठवडेही झालेले नव्हते. व्यासांनी हे लपवलं नाही, यात महाभारताचं मोठेपण आहे. द्रोणपर्वाच्या प्रचलित पाठात याच जागी युधिष्ठिराला मृत्यूच्या जन्माची कथा सांगितली आहे. ब्रह्मदेवाने मृत्यू नावाची स्त्री निर्माण केली, माणसं मारायचं काम तिच्यावर सोपवलं, आणि ते काम ऐकून ती रडू लागली. तिने नकार दिला, तप केलं, पुन्हा नकार दिला. जिचा धंदाच मारण्याचा, तिलाही हे पटवून घ्यायला इतके सायास पडले. मग बहिणीने तत्क्षणी शुद्ध व्हावं ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

लक्ष्मीने शास्त्राशी भांडण केलेलं दिसत नाही. तिने त्या काळची एक रुळलेली रीत हाती घेतली. देवाला माणसाचं नाव जोडण्याची प्रथा तेव्हा दक्षिणेत सर्वत्र होती. तंजावरला राजराज चोळाचा राजराजेश्वर आहे, पट्टदकलला राणी लोकमहादेवीने बांधलेला लोकेश्वर होता. ही नावं बहुधा बांधणाऱ्याचं किंवा राजाचं वैभव सांगतात. इथे नाव मेलेल्या भावाचं आहे आणि बांधणारी मागे राहिलेली बहीण. राम देव झाला, असा दावा यात नाही. उलट देवाने रामाचं नाव घेतलं आहे. सकाळ-संध्याकाळ पूजा होणार, नैवेद्य दाखवला जाणार, आणि प्रत्येक वेळी नारायणाच्या आधी ‘राम’ उच्चारावं लागणार. तर्पणात नावं तीन पिढ्यांपुरती चालतात. देवळाला ती मर्यादा नाही. नर्मदेकाठापासून आंब्यापर्यंतचं अंतर सरळ रेषेतही साडेतीनशे-चारशे किलोमीटर. तेराव्या शतकात तिथून भावाचा देह घरी आणण्याचा विचारही कठीण होता. मग नाव तरी गावात आणलं.

या युक्तीत एक खोटही आहे. राम हे नाव असं की ते देवात सहज विरघळतं. ज्याला शिलालेख वाचता येत नाही, त्याला रामनारायण म्हणजे विष्णूच. गावात आज महाविद्यालयाला नाव आहे ते खोलेश्वराचं, बापाचं.

आणि बापाचा विषय टाळता येत नाही, कारण गुजरातशी वैर मुलाला वारशात मिळालं होतं. 1228 च्या सुमाराच्या लेखात खोलेश्वराच्या पराक्रमांत गुर्जर, माळवा आणि आभीर यांचा पाडाव गौरवाने येतो. ‘लेखपद्धती’ या संस्कृत दस्तऐवजांच्या नमुनासंग्रहात सिंघण आणि गुजरातचा लावण्यप्रसाद यांच्यातला तह सापडतो. मिती विक्रम संवत 1288, म्हणजे 1231-32. दोघांनी आपापल्या हद्दीत राहावं असा त्याचा आशय. नमुन्यादाखल ठेवलेल्या कागदावर किती विसंबायचं हा प्रश्न आहेच, पण तह खरा धरला तर राम मोडलेल्या तहापायी मेला. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची गोष्ट याच जातीची. नजर अधू म्हणून नाकारलेल्या मुलाला त्याने ओळखीने पलटणीत घातलं, 1915 च्या सप्टेंबरात लूसच्या लढाईत तो अठरा वर्षांचा जॉन नाहीसा झाला, आणि बाप पुढची वर्षं युद्धस्मशानांच्या आयोगात इतरांच्या मुलांसाठी शब्द निवडत राहिला. मुलाचा देह त्याच्या हयातीत ओळखला गेला नाही.

आज बीड जिल्ह्यात सैन्यात जाणारी पोरं सेनापतीची नसतात. कोरडवाहू जमीन, ऊसतोडीला जाणारं घर, आणि भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळण्याचा सराव. 1971 पर्यंत युद्धात पडलेल्या बहुतेकांना आघाडीजवळच अग्नी दिला जाई. 1999 च्या कारगिल युद्धात 527 जवान कामी आले आणि देह गावी पाठवण्याची रीत पक्की झाली. तिरंग्यातली पेटी, बंदुकांची सलामी, ‘अमर रहे’च्या घोषणा, मग शाळेला किंवा कमानीला नाव. सरकारी समारंभात वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी यांना मानाची जागा असते. बहिणीसाठी असं रुळलेलं पद नाही. ती आपली राखीपौर्णिमेला आणि भाऊबीजेला काय करायचं ते पाहते. घोषणा देणाऱ्या गर्दीचा अमरपणा आणि पराशराचा सूर्यभेद यांत फारसं अंतर नाही. दोन्ही खरे असू शकतात, पण दोन्हींचा उपयोग घरच्यांपेक्षा पुढच्या भरतीला अधिक होतो. त्यापेक्षा लक्ष्मीचं देऊळ प्रामाणिक वाटतं. तो गेला कुठे हे ती सांगत बसत नाही, त्याचं नाव रोज कोण घेणार याची सोय लावते.

पराशराच्या वचनात आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल प्रशस्तीकार बोलत नाहीत. रणात तोंड देऊन पडलेला, एवढीच तिथे अट आहे. कोणत्या बाजूचा हे विचारलेलं नाही. म्हणजे रामाने नर्मदेकाठी जे गुजराती सैनिक मारले, तेही त्याच वाटेने, त्याच्या थोडे पुढे, त्याच सूर्यातून गेले. ज्यांना मारल्याचा अभिमान लेखात कोरलेला आहे, त्यांच्याच पंगतीला तो बसला.

पृथ्वीवर हे जमायला साठेक वर्षं लागली. 1296 मध्ये अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला, 1299 मध्ये त्याच्या फौजांनी गुजरात घेतलं. तिथला शेवटचा वाघेला राजा कर्ण परागंदा झाला आणि आश्रयाला आला तो यादवांकडेच. सिंघणाच्या गादीवर तेव्हा रामचंद्रदेव होता. त्याने या पिढीजात शत्रूला राहायला बागलाण दिलं.