असेल त्यात

श्रोतेहो, गिरगाव-लालबागच्या चाळींतील स्वयंपाकघरांत आमटीची कृती ठरलेली नसते. आमसूल, म्हणजे रातांब्याची वाळवलेली साल, संपले असेल तर चिंचेचा कोळ पडतो, चैत्रात कैरीची फोड पडते, आणि तूरडाळीचा डबा रिकामा निघाला तर मुगाची डाळ शिजते. असेल त्यात भागते आणि चवही राहते, कारण आमटी आंबटपणा मागते, तो कोणत्या फळाचा हे विचारत नाही. माणसांशी वागतानाही ज्याला गरजेचे मर्म कळते, त्याला साधनाचा हट्ट सोडता येतो.

मुंबईच्या गिरणगावातील खाणावळवाल्या स्त्रियांना हे कळले होते. गावाकडून एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना त्या महिन्याच्या बोलीवर जेवू घालत आणि पैसे थकले, तरी असेल त्यात ताट वाढत. हे थोर काम होते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा स्त्रियांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांना मिळू लागले.

श्रोतेहो, या घटकेलाही कुणाच्या तरी घरी आमसूल संपलेले असेल, आणि चुलीवर डाळ उकळत असेल.