अभय कोणाच्या पदरचे?

भूतदया हा शब्द आपल्या तोंडी सहज येतो. कीर्तनात तो निघाला की माना डोलतात. परंतु दयेची परीक्षा मंडपात होत नाही. रानाच्या कडेला ज्याचे घर शेवटचे, त्याच्या गोठ्यात ती होते. आज त्या गोठ्याचाच विचार वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस किनवट-माहूरचा डोंगराळ मुलूख आहे. साग, मोह, तेंदू यांचे हे रान. पैनगंगा येथून वळणे घेत वाहते, आणि तिच्या काठी यवतमाळ व नांदेड या दोन जिल्ह्यांत मिळून पैनगंगा अभयारण्य आहे. त्याचा विस्तार सुमारे ३२५ चौरस किलोमीटर. बिबट्या, अस्वल, रोही, रानडुक्कर यांचा येथे वावर आहे, आणि टिपेश्वरच्या रानातून निघालेला वाघही या वाटेने जातो. २०१९ साली गळ्यात रेडिओ-पट्टा असलेला एक तरुण वाघ टिपेश्वराहून निघाला आणि पैनगंगेच्या रानातून पुढे, तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. जागा शोधीत निघालेला तो जीव. त्याला जिल्ह्यांच्या सीमा काय ठाऊक!

आता 'अभयारण्य' हा शब्दच पाहा. जेथे अभय दिले आहे ते अरण्य. अभयदान हे सर्व दानांत थोर, असे आपण म्हणतो. पण दान म्हटले की दाता आला. या अभयाचा दाता कोण? सरकार म्हणेल, आम्ही. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आम्ही केला. शहरातला सुशिक्षित म्हणेल, मी. कारण वाघ जगावा असे मला मनापासून वाटते. दोघांचेही खोटे नाही. पण रात्री रोह्यांचा कळप हरभऱ्यात शिरतो, रानडुकरे भुईमूग उकरतात, दावणीची गाय बिबट्या ओढून नेतो, तेव्हा दानाचे माप कोणाच्या कणगीतून भरले जाते? ज्याला कोणी विचारलेच नाही, त्याच्या!

यावर दोन उत्तरे सर्रास ऐकू येतात. पहिले असे की, "बाबा रे, जीव हाच जीवाचा आहार, ज्याचे त्याचे प्रारब्ध." हे ऐकावयास ज्ञानाचे वाटते, पण दुसऱ्याच्या गोठ्यात उभे राहून सांगितलेले प्रारब्ध म्हणजे वेदान्त नव्हे, ती अंग काढून घेण्याची युक्ती आहे. दुसरे उत्तर याच्या उलट: "माणूस आधी. रान तोडा, जनावर मारा, कटकट मिटवा." हा मनुष्य संतापला आहे, आणि त्याच्या संतापाला कारणही आहे. परंतु त्याच संतापात कोणी शेताच्या कुंपणात चोरून वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर ओळखता येत नाही, वाघ ओळखता येत नाही, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजाऱ्याचा पोरगाही ओळखता येत नाही.

मग मार्ग कोणता? नामदेवरायांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याने भाकरी पळविली, आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. नाथांनी रामेश्वराला न्यावयाची गंगा वाटेत तहानेल्या गाढवाच्या मुखी घातली. या कथांतील दया आपण पाहतो. एक गोष्ट मात्र पाहावयाची राहते. भाकरी नामदेवांची स्वतःची होती. कावड नाथांनी स्वतःच्या खांद्यावर वाहिली होती. शेजाऱ्याची भाकरी कुत्र्यापुढे टाकून कोणी दयाळू ठरला, अशी कथा आपल्याकडे नाही. दया पदरची असावी लागते. दुसऱ्याच्या पदरातून परस्पर काढून दिले, तर घेणाऱ्याचे पोट भरेल; पण देणाऱ्याच्या नावावर पुण्य कसले लागणार?

येथे लातूरकडचे कोणी म्हणेल, "अहो, आमच्याकडे रान उरलेच कुठे? हा प्रश्न किनवटवाल्यांचा." रान नाही हे खरे, लातूर जिल्ह्यात ते नावापुरतेच आहे. पण म्हणून देणे चुकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये लातूरहून बार्शीकडे जाताना लागणाऱ्या येडशीच्या रामलिंग अभयारण्यात वाघाचे छायाचित्र टिपले गेले. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो टिपेश्वरचा असल्याचे कळले. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर ३०० किलोमीटरांच्या घरात जाते, आणि मध्ये बहुतेक सगळी शेती. येडशीचे रान अवघे बावीस चौरस किलोमीटरांचे. त्यात तो कितीसा मावणार? आसपासच्या गावांत गुरे मारली गेली, आणि त्याला पकडून हलविण्याची खटपट सुरू झाली. तेव्हा हा प्रश्न कोणा एका तालुक्याचा राहिलेला नाही.

दुसरे देणे पाण्याचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर आले. मांजरा धरण कोरडे पडले होते. मूळ कारण अवर्षणाचे. उसासारख्या पिकांचा उपसाही होता. रान असते तर पाऊस पडलाच असता, असे म्हणण्याचा हेतू नाही. पण डोंगरावर झाड, पालापाचोळा आणि गवत असले की पडलेला पाऊस मातीत मुरतो; उघड्या डोंगरावरून तोच पाऊस माती घेऊन धावत सुटतो. मांजरा बालाघाटच्या डोंगरातूनच येते. म्हणजे जे रान राखतात, ते खालच्यांचे पाणीही राखतात. आपण त्यांचे ऋणी आहोत.

ऋण मान्य केले की कर्तव्य आपोआप दिसू लागते. गुरे मेली, पीक गेले तर सरकारी भरपाईची तरतूद आहे. पण पंचनामा, अर्ज, हेलपाटे यांत गरीब माणूस थकतो. गावातल्या लिहित्या-वाचत्याने त्याच्याबरोबर कचेरीत जावे. ही भूतदयाच आहे. राखणीच्या रात्री एकट्यावर न टाकता गावाने पाळी लावावी. तारेत वीज सोडणाऱ्याला कीर्तनकाराने नाव न घेता, पण स्पष्ट शब्दांत थांबवावे. रानातल्या आदिवासींना २००६ च्या कायद्याने दिलेले वनहक्क हे रानावरचे संकट समजू नये. ज्याचा रानावर हक्क, त्यालाच ते राखण्याची कळकळ. माहूरगडाला जाणाऱ्यांनी डोंगरात प्लास्टिक टाकू नये, विस्तव सोडून येऊ नये. आणि शहरातल्या वाघप्रेमींनी आपल्या प्रेमाचा थोडा खर्च स्वतःही सोसावा.

वाघाला अभय द्यायचेच आहे. त्यात शंका नाही. पण त्याच रात्री त्याच रानाच्या कडेला दावणीशी जागणाऱ्या माणसालाही अभय हवे आहे. एकाला देऊन दुसऱ्याकडून घेतले, तर भय फक्त घर बदलते. भूतांमध्ये तोही आहे, हे विसरून कसे चालेल?