धाब्याचा कठडा

"माझ्या मोकळिकीवर दुसऱ्याच्या जिवाकरितां बंधन कां असावें?" असा प्रश्न मंडळींत पुष्कळदां निघतो, आणि उपदेशक बंधु त्यास पौलाच्या आधारें उत्तर देतात. मांस खाण्यांत दोष नव्हता, तरी दुर्बळ भावास ठेंच लागूं नये म्हणून पौल तें सोडण्यास सिद्ध होता. हें उत्तर खरें आहे, पण पुरें नाहीं. अनुवादाच्या 22 व्या अध्यायांत नवें घर बांधणारास आज्ञा आहे कीं त्यानें धाब्यास कठडा करावा, म्हणजे कोणी पडून मेल्यास त्याचा दोष त्या घरावर येणार नाहीं. आम्हां धाब्यांवर निजणाऱ्या लोकांस ह्याचा अर्थ सांगावयास नको. मात्र कठड्याचा खर्च कोणावर घातला आहे तें पाहावें. तो पाहुण्यावर नाहीं, घरधन्यावर आहे.

आतां आपल्या करमाडाकडे वळूं. सन 2020 त करोनाच्या सांथीमुळें 25 मार्चपासून सर्व देशांत टाळेबंदी झाली. ती योग्यच होती असें माझें मत आहे, आणि उपासना बंद राहिल्याबद्दल कुरकुर करणारांस मी तेंच सांगतों. परंतु ज्याच्या घरीं ज्वारीची कणगी भरलेली आहे त्याचें घरीं बसणें निराळें, आणि ज्याचा रोज बुडाला त्याचें निराळें. जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यांत राबणारे मध्यप्रदेशाचे 20 मजूर, गांवीं जाण्यास गाडी मिळेल ह्या आशेनें, रुळांच्या वाटेनें भुसावळकडे पायीं निघाले. रात्रीं थकून बदनापूर व करमाड ह्यांच्या दरम्यान ते टेकले. गाड्या बंद आहेत अशा समजुतीनें कित्येक रुळांवरच निजले. माणसांच्या नेहमींच्या गाड्या बंद होत्या. मालाच्या चालू होत्या. 8 मेच्या पहाटे मालगाडीखालीं 16 जण मेले. त्यांच्या शिदोरीच्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या.

रुळांवर कोणी निजतें काय, असें तेव्हां पुष्कळांनीं विचारलें. गाडी हांकणारास दोष देतां येत नाहीं, हें खरें. पण सर्वांच्या रक्षणाकरितां जो कठडा बांधला, त्याचा खर्च ज्यांना घर नव्हतें त्यांच्याकडून घेतला गेला, हेंही तितकेंच खरें.

आपल्या वस्तींतही हा प्रश्न येतो. एखाद्यास क्षय झाला कीं, त्यानें तोंडावर फडकें धरावें, कांहीं आठवडे मजुरीस व उपासनेस येऊं नये, असें आपण सांगतों. तें सांगितलेंच पाहिजे. खोकल्यावाटे तो रोग पसरतो. औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. पण त्याच्या चुलीचें काय? त्याच्या बायकोनें खुरपणीस जावें तर रोग्यापाशीं कोण बसेल? मंडळीच्या पंचांनीं त्याच्या दारीं निरोप घेऊन जाण्याआधीं पेटींतून त्याच्या रोजाची रक्कम काढून ठेवावी, आणि निरोप देणारानें ती बरोबर न्यावी.